केसपेपरपासून सुरुवात: नोकरी सांभाळून हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स शिकताना

'सिस्टर, तो कम्प्युटरचा कोर्स तुम्ही कुठून केलात?' महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. विचारणारी बहुधा स्टाफ नर्स असते. कधी लॅब टेक्निशियन, कधी फार्मासिस्ट, कधी एमआरडीत, म्हणजे रुग्णालयाच्या नोंदींच्या विभागात, वर्षानुवर्षं फायली लावून कंटाळलेला क्लार्क, आणि हल्ली बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरही. सगळ्यांना आधी संस्थेचं नाव आणि फी हवी असते. मी उलट विचारते, 'काल डिस्चार्ज झालेल्या पेशंटचं कार्ड नीट वाचलं होतंत का?' समोरच्याला वाटतं, बाई विषय टाळतायत.

अकरा वर्षं मी वॉर्डात होते. त्यातली शेवटची अडीच वर्षं ड्युटी सांभाळून घरबसल्या शिकले, आणि आता रुग्णालयांत सॉफ्टवेअर बसवणाऱ्या टीमबरोबर काम करते. ज्या क्रमानं मी शिकले तो क्रम चुकला होता. आधी फी भरली, मग प्रोग्रॅमिंगला हात घातला, आणि हे सगळं कशासाठी चाललंय ते शेवटी कळलं. पुन्हा सुरुवात करायची झाली तर कशी करेन, ते खाली लिहिते.

पायरी १: आधी कागद वाचा

हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. पेशंटची माहिती नोंदवायची कशी, ठेवायची कुठे, एकाकडून दुसऱ्याकडे अर्थ न बदलता पोहोचवायची कशी, आणि ती कोणी बघायची, कोणी नाही, याचा हा अभ्यास. कम्प्युटर त्यात येतोच, पण गोंधळाची सुरुवात कागदावर होते आणि सॉफ्टवेअर तोच गोंधळ जास्त वेगानं पसरवतं.

म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत एक पैसाही खर्च करू नका. तुमच्या रुग्णालयातले कोरे फॉर्म गोळा करा: ओपीडीचा केसपेपर, इनडोअर पेपर, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, औषधांचा चार्ट, लॅबची रिक्विझिशन, डिस्चार्ज कार्ड. कोरेच घ्या, भरलेले नकोत. प्रत्येक रकान्यासमोर पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहा: हा कोण भरतो, कधी भरतो, आणि कशावरून उतरवून घेतो. पेशंटचं नाव सहा-सात ठिकाणी हातानं लिहिलं जातंय आणि ॲलर्जी मात्र एखाद्याच कोपऱ्यात, तीही कोणी विचारलं तर, हे तुमच्याच वॉर्डात दिसेल. मी हे केलं त्या संध्याकाळी जेवढं कळलं, तेवढं पुढे एका अख्ख्या मॉड्यूलमध्ये कळलं नाही.

मग लघुरूपं काढा. 'आरटीए' म्हटलं की कॅज्युअल्टीतल्या माणसाला रस्त्यावरचा अपघात दिसतो, नेफ्रॉलॉजीवाल्याला मूत्रपिंडाचा रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस. 'एमआय' म्हणजे कोणाला हार्ट ॲटॅक, कोणाला गळणारी मायट्रल झडप. माणूस संदर्भावरून सांभाळून घेतो. मशीनला तो संदर्भ कोणीतरी भरवावा लागतो, आणि तो भरवणारा माणूस तुम्हाला व्हायचंय.

तुम्ही आयटीतून येत असाल, तर तुमची अडचण बरोबर उलटी आहे. डेटाबेस येतो, वॉर्ड माहीत नाही. ओळखीच्या रुग्णालयात परवानगी काढून एका सोमवारी सकाळी नोंदणीच्या काउंटरमागे तीन तास बसा. रांगेतल्या आजोबांना जन्मतारीख विचारली की ते 'लिहा साठ-पासष्ट' म्हणतात, तेव्हा तुमच्या स्क्रीनवरच्या 'अनिवार्य' रकान्याचं काय होतं ते बघा.

जन्मतारखेचं थोडं सविस्तर सांगते, कारण यात आपल्याकडची खास गंमत आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या रुग्णालयाच्या यादीत १ जूनला जन्मलेली माणसं अफाट निघतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती आयुष्यभर चिकटली. त्यात १ जानेवारीवाल्यांची भर सॉफ्टवेअर घालतं. माझ्या एका जुन्या नोकरीत नवी सिस्टीम आली तेव्हा मदतीला म्हणून मला आठवडाभर काउंटरवर बसवलं होतं. नुसतं वय टाकलं की ती सिस्टीम आपोआप १ जानेवारी भरायची. एका दुपारी एकाच गावच्या, एकाच नावाच्या, साधारण एकाच वयाच्या दोन बायका आल्या. दुसरीच्या वेळी स्क्रीनवर चौकट आली, 'हाच पेशंट आहे का?' मागे रांग होती. मी 'होय' दाबलं. संध्याकाळी एकीचा पोटॅशियमचा रिपोर्ट दुसरीच्या फायलीत आला. वॉर्डातल्या सिस्टरच्या लक्षात आलं, कारण तिच्या पेशंटचं त्या दिवशी रक्तच काढलं नव्हतं. मी घरी जाऊन जेवले नाही.

ही जन्मतारीख, लग्नानंतर बदलणारं नाव, मधल्या नावात आधी वडील मग नवरा, आणि 'विठ्ठल' इंग्रजीत लिहिताना टी एक की दोन: पेशंटची ओळख पटवण्याचा जो धडा सगळ्या अभ्यासक्रमांत येतो, तो आपल्याकडे या चार गोष्टींत सामावतो. धडा वाचताना त्या डोक्यात असू द्या.

पायरी २: तास मोजा, खोटं न बोलता

माहितीपत्रकात 'लवचिक', 'तुमच्या सोयीनं' असं लिहिलेलं असतं. सोय म्हणजे वेळ कमी लागतो असं नव्हे. वेळ तेवढाच लागतो, फक्त कधी द्यायचा ते तुम्ही ठरवता. हिशेब क्रेडिटवरून करा. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत एक क्रेडिट म्हणजे १० तास, आणि पूर्ण एमएस्सी १८० क्रेडिटची. म्हणजे १,८०० तास. तीन वर्षांत पार्ट-टाइम करायची तर वर्षाला ६००, सुट्ट्याबिट्ट्या धरून आठवड्याला बारा तास. एक २० क्रेडिटचं मॉड्यूल बारा आठवड्यांत उरकायचं असेल तर आठवड्याला सतरा तास होतात.

आता तुमचा ड्युटी चार्ट समोर ठेवा. आठ ते दोन, दोन ते आठ, आणि रात्री आठ ते सकाळी आठ. माझा अनुभव असा की मॉर्निंगच्या आठवड्यात संध्याकाळचे रोज सव्वा-दीड तास निघतात. इव्हिनिंगच्या आठवड्यात सकाळी डबे झाल्यावर दोन तास मिळतात, आणि तोच सगळ्यात चांगला आठवडा. नाइटच्या आठवड्यात नवा धडा सुरूच करायचा नाही. बसमध्ये जुनी व्हिडिओ व्याख्यानं ऐकायची, बाकी झोपायचं. नाइट ऑफच्या दिवशी 'आज सगळं भरून काढते' असं मी किमान वीस वेळा ठरवलं असेल. एकदाही झालं नाही.

सरासरी काढली तर माझे आठवड्याला सात-आठ तास भरायचे. तुमचेही तेवढेच भरत असतील, तर एका वेळी चार किंवा आठ आठवड्यांचा एकच छोटा कोर्स घ्या. दोन नकोत. मैत्रिणीनं दोन घेतलेत म्हणून तर मुळीच नकोत.

पायरी ३: फी भरण्याआधी मान्यता तपासा

या पायरीवर घाई केलीत तर पैसे आणि वर्षं दोन्ही जातील, म्हणून जरा थांबून वाचा.

२०२५च्या ऑगस्टमध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, जाहीर केलं की राष्ट्रीय अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्स आयोग कायदा, २०२१ याच्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं चालवता येणार नाहीत. बातम्या आल्या त्या मानसशास्त्राच्या आणि आहारशास्त्राच्या, त्यामुळे आपल्यातल्या पुष्कळांनी ती बातमी सोडून दिली. पण त्या कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे दहा गट आहेत, आणि दहावा गट हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट व हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सचा आहे.

थोडक्यात, आज कोणी फोन करून 'मॅडम, घरबसल्या हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सची डिग्री, भारतातच, यूजीसी मान्य' म्हणालं, तर त्याच्याकडून या सत्राचं मान्यतापत्र लेखी मागा. जुन्या सत्राचं चालणार नाही. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर संस्थानिहाय, सत्रनिहाय याद्या असतात. संस्थेचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका, नेमक्या अभ्यासक्रमाचं नाव शोधा. देशातल्या मान्यताप्राप्त दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीच्या प्रवेशाला हल्ली विद्यार्थ्याचा डीईबी-आयडी, म्हणजे याच ब्युरोचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. तो न मागता जर कोणी 'डिग्री' देत असेल, तर तिथूनच मागे फिरा.

मग उरतं काय? माझ्या मते चार रस्ते.

पहिला, छोट्या प्रमाणपत्रांचा. स्वयम् आणि एनपीटेल हे सरकारी ऑनलाइन मंच, परदेशी विद्यापीठांचे खुले ऑनलाइन कोर्स, प्रमाणकं (माहिती नोंदवायचे ठरलेले नियम) बनवणाऱ्या संस्थांचे स्वतःचे कोर्स. यांतून पदवी मिळत नाही, काम येतं. खासगी रुग्णालयात किंवा सॉफ्टवेअर कंपनीत जायचं असेल तर नव्या माणसानं इथूनच सुरुवात करावी, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा, शेजारच्या विषयातली पदवी. कम्प्युटर ॲप्लिकेशन्स, डेटा सायन्स, संख्याशास्त्र हे दूरस्थ पद्धतीनं शिकता येतात. इग्नूचं एमसीए पुष्कळांनी नोकरी सांभाळून केलंय. आरोग्याचा भाग तुमच्याकडे अनुभवातून आहेच.

तिसरा, परदेशी विद्यापीठाची पार्ट-टाइम ऑनलाइन मास्टर्स. ब्रिटनमध्ये टप्प्यांची सोय चांगली असते: ६० क्रेडिटनंतर पीजी सर्टिफिकेट, १२० नंतर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. अर्ज करतानाच विचारा, मधेच थांबले तर हातात काय पडेल आणि फी मॉड्यूलगणिक भरता येईल का. घड्याळही बघा. त्यांचा संध्याकाळी सहाचा लाइव्ह तास आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला पडतो. रेकॉर्डिंग मिळतं का आणि हजेरीला गुण आहेत का, हे दोन प्रश्न फीच्या आधीचे.

चौथा, नियमित पद्धतीचा, वर्गात बसून. रजा मिळत असेल तर उत्तम. आमच्यातल्या किती जणींना मिळते ते तुम्हाला माहीत आहे.

सरकारी नोकरीत असाल तर आणखी एक काम. पदोन्नतीसाठी किंवा सेवापुस्तकात नोंदीसाठी हा कोर्स धरला जाईल का, हे आस्थापना शाखेला लेखी अर्ज करून विचारा, आणि आवक क्रमांक पडलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. 'धरतील हो' हे बड्या बाबूंचं तोंडी उत्तर पुढच्या बाबूंना लागू होत नाही.

दूरशिक्षण म्हणजे दुय्यम, असं घरचे म्हणतील. या विषयात तसं मानायचं कारण नाही. अमेरिकेत तिथल्या मेडिकल इन्फॉर्मॅटिक्स संघटनेनं २००५ साली 'टेन बाय टेन' हा उपक्रम काढला: २०१० पर्यंत दहा हजार आरोग्य कर्मचाऱ्यांना हा विषय शिकवायचा. त्याचा पहिला कोर्स ओरेगनच्या विद्यापीठानं मुख्यतः ऑनलाइनच शिकवला, कारण शिकणारे सगळे नोकरी करणारे होते.

पायरी ४: शिकायचा क्रम

प्रोग्रॅमिंगपासून सुरुवात करू नका. कोडिंग हा शब्द आपल्या क्षेत्रात आधी वेगळ्या अर्थानं येतो: आजाराला सांकेतिक क्रमांक देणं. तिथून सुरू करा, कारण तिथे तुमचं वॉर्डातलं ज्ञान पहिल्या दिवसापासून कामाला येतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण म्हणजे आयसीडी. दहावी आवृत्ती आपल्याकडे सर्रास वापरात आहे. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात, आणि दहाव्या आवृत्तीचं प्रशिक्षणही फुकट आहे. रोज ड्युटीवरून आल्यावर दिवसभरातले तीन आजार आठवा आणि त्यांचे कोड शोधा. कोकणातल्या कुणाला विंचू चावला असेल तर एका कोडवर भागत नाही: टी६३.२ म्हणजे विंचवाचं विष, हा झाला परिणाम. एक्स२२ म्हणजे विंचवाशी संपर्क, हे झालं कारण. परिणाम वेगळा, कारण वेगळं, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं आयसीडी आलं. (महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा विंचूदंशावरचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यामागे कम्प्युटर नव्हता, ग्रामीण दवाखान्यात पेशंटशेजारी राहून टिपलेली लक्षणं होती. नव्यानं शिकणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.)

त्यानंतर स्नोमेड सीटी, म्हणजे वैद्यकीय संज्ञांचा सांकेतिक क्रमांकांसह कोश. आयसीडी ही मोजण्यासाठी कप्पे पाडते. स्नोमेड डॉक्टरानं जे म्हटलं ते जसंच्या तसं, बारकाव्यानिशी पकडायला बघतं. त्यात साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत, त्यामुळे पाठ करायचा विचार सोडून द्या, शोधायला शिका. भारत २०१४ साली त्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला, म्हणून देशात वापराला परवाना शुल्क नाही. परवान्याचं काम पुण्यातच होतं: सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतलं ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद) प्रमाणकांचं राष्ट्रीय केंद्र ते बघतं. स्नोमेड संस्थेचा पायाभूत ऑनलाइन कोर्सही मोफत आहे. इंग्रजी सोपं, चाचण्या छोट्या. नाइटच्या आठवड्यातही झेपतो.

लॅबवाल्यांनी लॉइंककडे, म्हणजे तपासण्यांच्या सांकेतिक क्रमांकांच्या यादीकडे, आधी जावं. 'बीएसएल फास्टिंग', 'एफबीएस', 'शुगर एफ' ही एकाच तपासणीची तीन लॅबमधली तीन नावं. लॉइंकमध्ये सीरम किंवा प्लाझ्मातल्या उपाशीपोटीच्या ग्लुकोजचा क्रमांक १५५८-६, हिमोग्लोबिनचा ७१८-७, एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ४५४८-४. सराव म्हणून तुमच्या लॅबच्या रेटकार्डावरच्या पहिल्या वीस तपासण्यांना क्रमांक द्या. सातव्या-आठव्या तपासणीला अडकाल, कारण रेटकार्डावर नमुना कशाचा, एकक कोणतं, पद्धत कोणती, हे लिहिलेलंच नसतं. तिथे आडाख्यानं क्रमांक टाकू नका. लॅबमध्ये जाऊन विचारून या. या कामात खरा वेळ विचारण्यातच जातो.

एवढं झालं की डेटाबेस. एक्सेल येत असेल तर एसक्यूएलला, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेला, घाबरायचं कारण नाही. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो, एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस फुकट आहे. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन या त्यातल्या चार आज्ञा नीट आल्या तरी कामाचा मोठा भाग उरकतो. एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे डेटाबेस आणि पायथनचे कोर्स आहेत. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, ती थोडी पुढे ढकलली तरी चालेल.

सराव खऱ्या पेशंटच्या माहितीवर करायचा नाही, त्याबद्दल पुढे बोलते. त्यासाठी सिंथिया नावाचं मोफत साधन आहे; ते बनावट पेशंट तयार करतं, त्यांच्या भेटी, आजार, औषधं, तपासण्या, सगळं तक्त्यांमध्ये. हजारभर पेशंटचा तयार नमुनाही उतरवून घेता येतो. त्यातल्या नावांना शेपटासारखे आकडे जोडलेले असतात, म्हणजे खरा माणूस समजून कोणी फसू नये. पेशंट सगळे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे, त्यामुळे विंचू सापडणार नाही, पण मधुमेह भरपूर. पहिला प्रश्न हा घ्या: ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यापैकी किती जणांची गेल्या वर्षभरात एचबीएवनसी झालेली नाही? उत्तर काढायला तीन तक्ते जोडावे लागतात. मला पहिल्यांदा चार दिवस लागले, आणि उत्तर चुकलं.

शेवटी देवाणघेवाणीची प्रमाणकं. एफएचआयआर, उच्चार 'फायर'. एका रुग्णालयाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याशी बोलतं तेव्हा माहिती ठरावीक साच्यांत घालून पाठवायची: पेशंट, भेट, निरीक्षण, निदान, औषधाची मागणी, असे साचे. केसपेपरचे रकाने तुम्ही पहिल्या पायरीत सोडवून ठेवलेत, ते इथे एकेका साच्यात बसवून बघा.

हे शिकायचं ते आपल्याकडच्या कामासाठी. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. पेशंटला चौदा आकडी आभा क्रमांक, डॉक्टर-नर्सेसची एक नोंदवही, दवाखान्यांची वेगळी, आणि पेशंटची संमती असेल तरच नोंदींची देवाणघेवाण. या देवाणघेवाणीसाठी ओपीडीची नोंद, प्रिस्क्रिप्शन, तपासणी अहवाल, डिस्चार्ज समरी, लसीकरण वगैरे दस्तऐवजांचे साचे पुण्याच्या त्याच केंद्रानं प्रसिद्ध केले आहेत, उदाहरणांसकट. तुमच्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवून त्यातला डिस्चार्ज समरीचा साचा वाचा. काय बसत नाही त्याची यादी करा. ही यादी मुलाखतीला घेऊन जा.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात, प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्यांनी यासोबत डीएचआयएस-टू बघावं. ऑस्लो विद्यापीठातून आलेली ही मुक्त प्रणाली असंख्य देशांत सरकारी आरोग्य अहवालांसाठी वापरतात, आणि तिचा पायाभूत ऑनलाइन कोर्स फुकट आहे. मासिक अहवाल भरून बोटं झिजलेल्या एएनएम ताईंना यातलं निम्मं आधीच येत असतं.

पायरी ५: पेशंटची माहिती घरी न्यायची नाही

अभ्यासाच्या उत्साहात हे होतं. 'नाव झाकलंय' म्हणून डिस्चार्ज कार्डाचा फोटो अभ्यासाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. गाव, वय, दाखल झाल्याची तारीख आणि दुर्मीळ आजार एवढं असलं की तालुक्यातला कोणीही माणूस ओळखतो. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे, आणि सुरक्षेत हयगय केलेल्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. दंड संस्थेला होईल, नोकरी तुमची जाईल. प्रकल्पासाठी खरी माहिती लागलीच, तर रुग्णालयाची लेखी परवानगी आणि नैतिक समितीची मंजुरी. तोवर सिंथिया.

पायरी ६: असाइनमेंट आणि परीक्षा

एनपीटेलचा कोर्स बघणं फुकट, परीक्षा द्यायची तर हजार रुपये. असाइनमेंटचे २५ गुण, परीक्षेचे ७५. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत ३० लागतात. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, म्हणून तारीख कळली त्या दिवशीच ड्युटी बदलून घ्या. आदल्या आठवड्यात मागितलेली ड्युटी कोणी बदलून देत नाही, आणि दिली तर त्याची परतफेड दिवाळीत करावी लागते.

इंग्रजी निबंधांची धास्ती मलाही होती. मी एक वही केली: डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे ती माझ्या वॉर्डात कुठे दिसते ते मराठीत. 'इंटरऑपरेबिलिटी'समोर लिहिलं होतं, 'लॅबचा रिपोर्ट वॉर्डात पुन्हा हातानं उतरवावा न लागणं.' असाइनमेंट लिहिताना आधी ती मराठी ओळ बघायची, मग इंग्रजी वाक्य आपलं आपण जुळवायचं. दुसऱ्याचा मजकूर उचलला तर सापडतो, आणि एआयकडून लिहून घेतलेल्यात वॉर्डाचा वास येत नाही, तेही शिक्षकांना कळतं.

मधे दोन-तीन महिने अभ्यास सुटला तर अपराधी वाटून घेऊ नका. माझा सासऱ्यांच्या आजारपणात पाच महिने सुटला होता. परत बसल्यावर मागच्या धड्यापासून नको, वहीपासून सुरू करा.

पायरी ७: काम मागायला जाताना

'हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स ऑफिसर' अशी जाहिरात क्वचित येते. क्लिनिकल कोडर, एमआरडी एक्झिक्युटिव्ह, एचआयएस (रुग्णालयाचं सॉफ्टवेअर) इम्प्लिमेंटेशन, ॲप्लिकेशन सपोर्ट, ट्रेनर, बिझनेस ॲनालिस्ट या नावांनी शोधा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या किंवा कॅशलेसच्या डेस्कवर काम केलं असेल तर ते आवर्जून लिहा. कोणत्या कागदाविना क्लेम अडकतो, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. प्रमाणपत्रांची चळत नेण्यापेक्षा तीन गोष्टी न्या: रेटकार्डाचे लॉइंक क्रमांक आणि अडलेल्या ठिकाणांची टिपणं, सिंथियावरचे दहा प्रश्न उत्तरांसह, आणि डिस्चार्ज कार्डातल्या न बसलेल्या रकान्यांची यादी.

माझ्या मुलाखतीत प्रमाणपत्रं कोणी उघडून पाहिली नाहीत. समोर एक नमुन्याचं डिस्चार्ज कार्ड सरकवलं. निदानाच्या रकान्यात एक ओळ: 'डेंग्यू, एनएस-वन पॉझिटिव्ह, डीएम.' म्हणाले, कोड द्या. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारते. एनएस-वन ही डेंग्यूची रक्तचाचणी रॅपिड किटवर आली की लॅबमधल्या एलायझावर? धोक्याची लक्षणं होती का, म्हणजे ए९७.० द्यायचा की ए९७.१? आणि मधुमेह पहिल्या प्रकारचा की दुसऱ्या, ई१० की ई११? 'डॉक्टर सापडले नाहीत तर?' असं त्यांनी विचारलं. मग ए९७.९ आणि ई१४, दोन्ही 'अनिर्दिष्ट', आणि कार्डाला चिठ्ठी लावून ठेवेन, असं मी सांगितलं. त्यांनी चहा मागवला आणि रुजू कधी होता येईल ते विचारलं.